हापूसवाल्यांचा ग्रुप चालवायला व्हॉट्सॲप किती पुरतं? ॲडमिनच्या बाजूने एक परीक्षण

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा बागायतदारांचं धंद्याचं बोलणं आता बरंचसं व्हॉट्सॲपवर चालतं. फवारणीचं औषध, वाशीच्या घाऊक बाजारातला दर, राखणदार आणि कामगारांची अडचण, फळपीक विम्याचे पैसे, सगळं तिथेच. म्हणून हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं ठेवलं आहे. दोन-तीनशे बागायतदार, चार औषध दुकानदार, दोन-तीन आडतदार आणि एखादे निवृत्त कृषी अधिकारी अशा मिश्र ग्रुपमध्ये बोलणं कामाचं आणि सभ्य ठेवायचं असेल, तर हे ॲप ॲडमिनच्या हातात नेमकं काय देतं आणि कुठे तोकडं पडतं?

निकाल आधीच सांगितलेला बरा. पोहोच आणि सोपेपणा यांत व्हॉट्सॲपला तोड नाही. देवगडच्या सत्तरीतल्या बागायतदाराला ते नव्याने शिकवावं लागत नाही. पण वाद तापायला लागला की ॲडमिनकडे एक तर समजावणं उरतं, नाहीतर थेट माणूस काढून टाकणं. मधली पायरी ॲपमध्येच नाही. ती नियमांनी आणि सवयींनी भरून काढावी लागते. मेहनत घेतली तर ती भरून निघते, एवढं खात्रीने सांगता येईल.

सेटिंग

ग्रुप बनवल्याबरोबर तीन अधिकार फक्त ॲडमिनकडे घ्यावेत: नाव-फोटो-वर्णन बदलणं, नवीन माणूस जोडणं आणि लिंकवरून येणाऱ्याला मंजुरी देणं. यातली मंजुरी सगळ्यात मोलाची. आमंत्रणाची लिंक एकदा बाहेर फिरायला लागली की ती कुठे कुठे जाते याचा पत्ता लागत नाही, आणि ऐन मार्चमध्ये शेअरच्या टिपा देणारे आणि झटपट कर्जवाले आत शिरतात. मंजुरीआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: गाव कुठलं, आणि बागायतदार, दुकानदार की व्यापारी. दुकानदाराला घेऊ नये असं मुळीच नाही. बाजारात काय उपलब्ध आहे हे त्यालाच जास्त ठाऊक असतं. फक्त त्याने पहिल्या मेसेजात आपलं दुकान आहे हे सांगावं, म्हणजे त्याचा सल्ला वाचणारा योग्य नजरेने वाचतो. पुढे चार महिन्यांनी कुणी हे शोधून काढलं की त्याने दिलेला चांगला सल्लाही संशयात जातो, आणि मग जो वाद होतो तो औषधावर होतच नाही. लिंक दर हंगामाच्या सुरुवातीला रीसेट करावी. जुनी लिंक त्याच क्षणी बंद पडते.

आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद ठेवावेत. धंद्याच्या ग्रुपला जुनं बोलणं लागतं. डिसेंबरमध्ये कोणी काय फवारलं हे एप्रिलमध्ये शोधायची वेळ येते.

एका ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात. मावतात म्हणून भरू नयेत. तीनशेच्या पुढे माणूस माणसाला ओळखत नाही, आणि ज्याला ओळखत नाही त्याला तोडून बोलणं सोपं जातं. राजापूरचा आणि मालवणचा माणूस एकमेकांना निदान कुणाच्या तरी नात्यातला म्हणून ओळखत असेल, तर तो लिहिण्याआधी थांबतो. गर्दी वाढलीच तर तालुक्यांप्रमाणे वेगळे ग्रुप करून ते एका कम्युनिटीखाली जोडावेत. त्याविषयी पुढे लिहिलं आहे.

अर्धवट प्रश्नातून पूर्ण भांडण

ॲडमिन लोक बहुतेक वेळा शिव्या शोधत बसतात. आंब्याच्या ग्रुपमध्ये भांडणाचं मूळ बहुधा त्याच्या बरंच आधी असतं, अपुऱ्या प्रश्नात. कुणीतरी काळपट पडलेल्या मोहोराचा धूसर फोटो टाकतो आणि लिहितो, "काय मारू?" एकाला त्यात तुडतुडा ही कीड दिसते, दुसऱ्याला भुरी, तिसऱ्याला करपा हे बुरशीचे रोग. तिघेही आपापल्या बागेतल्या अनुभवावरून बोलत असतात, त्यामुळे तिघांनाही आपण बरोबर वाटतो. पाचव्या उत्तरापर्यंत विषय मोहोराचा राहत नाही, "तुमची बाग किती कलमांची?" इथवर जातो.

यावर उपाय म्हणजे प्रश्नाचा ठरलेला साचा. तो ग्रुपच्या वर्णनात लिहावा आणि वर पिनही करावा. गाव आणि बाग उताराची की सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची. कलमांचं अंदाजे वय. मोहोराची अवस्था: पालवी, बोंगे (फुटू लागलेला मोहोर), फुललेला, की कणी (बारीक फळं) धरलेली. शेवटची फवारणी कोणत्या तारखेला, कोणत्या घटकाची, किती पाण्याला किती. गेल्या आठवड्यात ढगाळ हवा, दव किंवा पाऊस होता का. आणि तीन फोटो: लांबून पूर्ण झाड, हातात धरून जवळून मोहोर, पान उलटं करून मागची बाजू. तुडतुड्याचा चिकटा पानावर चमकतो आणि पुढे त्यावर काळी बुरशी चढते. भुरीत मोहोरावर पांढरी पावडर दिसते. जवळचा फोटो नीट असला की निम्मी मतं आपोआप गळून पडतात आणि कुणालाच हरल्यासारखं वाटत नाही.

पिनची सोय इथे खरी उपयोगी पडते. एका वेळी तीन मेसेज पिन करता येतात, आणि प्रत्येकाला मुदत देता येते: 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस. साचा 30 दिवसांवर ठेवावा आणि महिन्याने पुन्हा लावावा. दुसरी जागा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू फवारणी वेळापत्रकासाठी. तिसरी मोकळी ठेवावी, त्या दिवशी जो विषय तापला असेल त्याच्या निकालासाठी.

साच्यात "किती पाण्याला किती" हे का, ते एका हिशोबाने कळेल. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्केचं प्रमाण 10 लिटर पाण्याला 3 मिली. ज्याच्याकडे एचटीपी, म्हणजे मोठ्या दाबाचा पंप आहे तो 200 लिटरच्या बॅरलचा हिशोब डोक्यात ठेवून लिहितो, "60 मिली घाला." ज्याच्या पाठीवर 16 लिटरचा पंप आहे, त्याला हवं असतं 4.8 मिली. त्याने 60 मिली घातलं तर मोहोर होरपळण्याची भीती, औषधाचा खर्च साडेबारापट, आणि मधमाश्यांचं नुकसान वेगळंच. त्यानंतर ग्रुपवर जे होतं त्याला "गैरवर्तन" म्हणून नियम लावत बसण्यात अर्थ नाही. त्या माणसाचं खरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून नियम एकच: औषधाचं प्रमाण नेहमी दहा लिटरला लिहायचं, आणि दुकानाच्या ब्रँडसोबत घटकाचं नाव आणि टक्केवारी द्यायची. हा नियम सभ्यतेच्या दहा नियमांइतकं काम करतो.

कल्टारच्या, म्हणजे मोहोरासाठी झाडाला देतात त्या पॅक्लोब्युट्राझोलच्या वादातही तेच. "कल्टार झाडं संपवतं" आणि "कल्टारशिवाय पीक नाही" ही दोन वाक्यं दर पावसाळ्यात एकमेकांवर आदळतात. मध्यस्थी करणाऱ्याने बाजू घेऊ नये, आकडे मागावेत. विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला धरून आहे: मीटरला 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, आळ्याभोवती खड्डे घेऊन. म्हणजे आठ मीटर विस्ताराच्या कलमाला 24 मिली. आता विचारावं: तुमच्या झाडाचा व्यास किती होता, किती घातलं, सलग किती वर्षं, आणि शेणखत-रासायनिक खताची मात्रा वाढवली होती का? उत्तरं आली की बहुधा दिसतं, की एकाने न मोजता घातलं होतं आणि दुसऱ्याने मोजून, खतासकट. दोघांचाही अनुभव खरा ठरतो, आणि वाचणाऱ्या बाकीच्यांच्या हाती काहीतरी लागतं.

डिलीट आणि रिमूव्ह

ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. ही सोय 2022 मध्ये आली, आणि ती हवीच होती. पण काढलेल्या मेसेजच्या जागी कोणत्या ॲडमिनने काढला त्याचं नाव दिसतं. व्यापारी पेठेत राहणाऱ्या, रोज त्याच बाजारात जाणाऱ्या माणसासाठी हे साधं नाही. मेसेज ग्रुपने काढला असं कुणाला वाटत नाही, अमक्याने माझं तोंड बंद केलं असंच वाटतं. आणि तोवर निम्म्या लोकांनी तो वाचलेला असतो, एखाद्याने स्क्रीनशॉट घेतलेला असतो.

म्हणून डिलीट तीन गोष्टींपुरतंच राखून ठेवावं: शिवी किंवा जातीवरचा, बाईमाणसावरचा शेरा, कुणाचा खासगी नंबर किंवा सातबारा, आणि धोकादायक चुकीचं प्रमाण. काढल्यावर लगेच खाली एक ओळ लिहावी, नाव न घेता: "वरचा एक मेसेज प्रमाण चुकलेलं असल्यामुळे काढला आहे, बरोबर प्रमाण असं." कारण लिहिलं नाही की लोक कारण शोधतात, आणि शोधलेलं कारण खऱ्यापेक्षा वाईट असतं.

बाकी सगळ्याला आधी फोन. लिहायचं नाही, फोनच करायचा. तोंडी मालवणीत जे सहज खपून जातं तेच टाइप केल्यावर बोचतं, आणि बहुतेकांना आपलं लिहिलेलं कसं वाचलं गेलं हे माहीतच नसतं. "दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण तिसरी ओळ त्यांना लागली, तेवढी तुम्हीच काढा" असं सांगितलं की बहुतेक जण काढतात. पाठवणाऱ्याला आपला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढता येतो. स्वतः काढलेल्या मेसेजवर ॲडमिनचं नाव येत नाही, त्यामुळे त्याचा मान राहतो. फोन करणारा ॲडमिन शक्यतो त्याच पट्ट्यातला असावा. गुहागरच्या माणसाला देवगडहून फोन आला की तो हुकूम वाटतो.

आता ती नसलेली पायरी. एकाच माणसाचं लिहिणं एक दिवस थांबवायची सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही. पर्याय दोन, आणि दोन्ही अवघड. पहिला, सगळा ग्रुप "फक्त ॲडमिन लिहू शकतात" वर टाकणं. याने आग विझते, पण दोघांच्या भांडणात तीनशे जणांची तोंडं बंद होतात. ऐन अवकाळीच्या संध्याकाळी, जेव्हा लोकांना उद्या फवारू की थांबू हे विचारायचं असतं, तेव्हा असं करणं अन्याय आहे. करावंच लागलं तर आधी लिहावं: "ग्रुप सकाळी 6 ला उघडेल." आणि ठरल्या वेळी आठवणीने उघडावा, कारण आपोआप उघडायची सोय नाही. वेळ न सांगता बंद केलेला ग्रुप म्हणजे ॲडमिनची दडपशाही, असंच लोक समजतात.

दुसरा पर्याय, माणसाला काढून दोन दिवसांनी परत घेणं. तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण काढल्याची सूचना सगळ्यांना दिसते, आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत वाडीत पोहोचते. शिवाय त्याने "मला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं" ही सेटिंग घट्ट ठेवली असेल तर परत थेट जोडताही येत नाही, आमंत्रण पाठवावं लागतं. अपमान झालेला माणूस ते स्वीकारत नाही. तीस वर्षं बाग केलेला जाणता माणूस असा गेला तर तोटा ग्रुपचा असतो. या एका उणिवेसाठी परीक्षणात व्हॉट्सॲपचे सगळ्यात जास्त गुण कापावे लागतात.

संपादन, आवाज आणि रेंज

पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो. संपादित अशी छोटी खूण दिसते, पण आधी काय होतं ते ग्रुपला दिसत नाही. शुद्धलेखन सुधारायला ठीक. औषधाचं प्रमाण मात्र असं कधीही बदलू नये. ज्याने पहिलं वाचून टाकी भरली, तो नंतर "तुम्हीच सांगितलंत" म्हणतो आणि वर भलताच आकडा दिसतो. मग एक खोटा ठरतो, दुसरा मूर्ख. नियम असा ठेवावा: प्रमाण चुकलं तर मूळ मेसेजला रिप्लाय करून "दुरुस्ती" असं ठळक लिहायचं. मूळ मेसेज तसाच राहू द्यावा, किंवा प्रमाण धोक्याचं असेल तर ॲडमिनने काढावा.

व्हॉइस मेसेजचा प्रश्न नाजूक आहे. ॲडमिनला ते नकोसे असतात, कारण चार मिनिटांच्या बोलण्यात बोचरं वाक्य कुठे आहे हे पूर्ण ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि शोधात तर ते सापडतच नाहीत. पण बंदी घातली की सगळ्यात अनुभवी पिढी गप्प होते. त्यांना बोटांनी देवनागरी टाइप करणं जमत नाही. मधला मार्ग असा: व्हॉइस चालेल, पण एका मिनिटाच्या आत आणि एका विषयावर, आणि आकडे असतील तर खाली लिहून. गुगलच्या जीबोर्डवर मराठी बोलून टाइप करता येतं. घरातल्या नातवाने ते एकदा लावून दिलं की बरेच जण आनंदाने वापरतात. ते "तुडतुडा" चुकीचं लिहील कधीतरी, तेवढं चालवून घ्यावं.

रेंजमुळे होणारा घोळ शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. घळीतल्या बागेत दुपारी लिहिलेला संतापाचा मेसेज घड्याळाच्या खुणेवर अडकून राहतो आणि माणूस संध्याकाळी घाटी चढून वर आला की जातो. तोवर ग्रुपमध्ये वाद मिटलेला असतो, दोघांनी एकमेकांना हात जोडलेले असतात, आणि हा मेसेज ताज्या चिथावणीसारखा येऊन पडतो. यासाठी दोन सवयी लावाव्यात. उत्तर देताना नेहमी मूळ मेसेजला रिप्लाय करायचा, म्हणजे कशाचं उत्तर आहे ते दिसतं. आणि वाद मिटला की ॲडमिनने तिसऱ्या पिनवर दोन ओळींत निकाल टाकायचा: मुद्दा काय होता, ठरलं काय, आता यावर उद्यापर्यंत कुणी लिहू नये. उशिरा आलेल्या मेसेजवर तुटून पडण्याआधी लोक पिन बघतात.

दर, दलाल आणि डागाळलेला आंबा

तीन विषयांत नुसती समजूत पुरत नाही, कारण बोलणं तिसऱ्या माणसाच्या अब्रूवर जातं.

पहिला, वाशीच्या आडतदाराचं नाव घेऊन "पेट्या कमी दाखवल्या," "पट्टी (विक्रीचा हिशोब) चुकीची दिली." तक्रार खरीही असेल. पण एका बाजूचं लिहिलेलं, नावासकट, तीनशे फोनवर जाणं हे बदनामीचं प्रकरण होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेत कलम 356 त्यासाठीच आहे. नियम असा हवा: ग्रुपवर नाव न घेता प्रकार सांगा, पट्टीचा फोटो ॲडमिनकडे खासगीत द्या, आणि बाजार समितीकडे लेखी तक्रार करा. दर सांगतानाही तारीख, आंब्याची साइज, पेटी किती डझनाची आणि रक्कम हातात आलेली की कमिशन-हमाली कापायच्या आधीची, हे सगळं लिहायला लावावं. चार डझनाच्या आणि सहा डझनाच्या पेटीचे दर शेजारी ठेवून लोक एकमेकांना खोटारडे ठरवतात. पेटी किती डझनाची हे विचारलं की तो वाद तिथेच संपतो.

दुसरा, "हा बघा कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकतोय" असं लिहून रस्त्यावरच्या स्टॉलचा फोटो. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे राग रास्त आहे आणि तक्रारीला आधारही आहे. पण फोटोवरून आंब्याचं गाव सिद्ध होत नाही. तेच कार्बाइडच्या आरोपाचं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, मात्र इथिलीन वायूने, ठरलेल्या मर्यादेत, पिकवायला परवानगी आहे. पिवळाधमक आंबा दिसला की "कार्बाइड" लिहिणारे हा फरक करत नाहीत. असे फोटो ॲडमिनकडे द्यावेत, तिथून अन्न व औषध प्रशासनाकडे जावेत. ग्रुपवर दुकान ओळखता येईल असा फोटो नको.

तिसरा, भावकी. सामायिक सातबारा, खंडाने दिलेली बाग, वाटणी. हा विषय आला की ताबडतोब थांबवावा. इथे ॲडमिनने फोनही करू नये. फोन केला की तो एका बाजूचा होतो.

ॲडमिनच्या डोक्यावर कायद्याची टांगती तलवार असते असं बरेच जण मानतात आणि त्या भीतीने वाटेल ते डिलीट करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. त्याचा सामाईक हेतू दाखवावा लागतो. केरळ उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये याच दिशेने निकाल दिला. म्हणजे घाबरून कात्री चालवायचं कारण नाही. पण तोच मजकूर ॲडमिनने स्वतः पुढे पाठवला तर ही ढाल उरत नाही.

राजकारण आणि सणाच्या शुभेच्छा यांना एक वाक्य पुरे: त्यासाठी वेगळा ग्रुप करा. त्याला "गजाली" (मालवणीत गप्पा) असं नाव द्यावं, आणि तिथे मोकळेपणाने बोलू द्यावं. कम्युनिटीचा खरा फायदा इथे दिसतो. एका छत्राखाली "फवारणी", "दर", "कामगार आणि वाहतूक" आणि "गजाली" असे ग्रुप ठेवता येतात, आणि घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात. दोन बाणांची खूण असलेला, अनेकदा फिरलेला मेसेज फक्त गजालीत. इतर ग्रुपमध्ये दिसला की ॲडमिनने विचारायचं, "हे तुम्ही स्वतः तपासलं का?" एवढा प्रश्न दोन-तीनदा आला की फॉरवर्ड थांबतात.

गुपचूप निघून जाणाऱ्यांकडे लक्ष ठेवावं. ग्रुप सोडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते. भांडणारे जात नाहीत, जातात ते ऐकून कंटाळलेले. आणि बागा सांभाळणाऱ्या बायका जातात, कारण साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो आणि रात्री नकोसे खासगी मेसेज यायला लागतात. ॲडमिनने अशा प्रत्येकीला फोन करून कारण विचारायलाच हवं, शक्यतो बाई ॲडमिनने. खासगीत त्रास देणाऱ्याला मात्र ना समज, ना फोन, थेट बाहेर. मधल्या पायरीची गरज इथे नाही. कम्युनिटीच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात. ज्यांना फक्त माहिती हवी आहे त्यांनी तेवढ्यातच राहावं, हा चांगला मार्ग आहे.

टेलिग्राम

मधल्या पायरीसाठी टेलिग्राम सरस आहे, यात वाद नाही. एका सदस्याला तासाभरासाठी, दिवसासाठी किंवा आठवड्यासाठी फक्त वाचण्यापुरतं ठेवता येतं. स्लो मोड लावला की प्रत्येकाला दोन मेसेजांमध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं, काही सेकंदांपासून एका तासापर्यंत. तापलेल्या विषयाला पाच मिनिटांचा स्लो मोड हे फार गुणी औषध आहे: कुणाचं तोंड बंद होत नाही, पण पुढचं वाक्य लिहिण्याआधी सगळ्यांना श्वास घ्यावा लागतो. ॲडमिनने काय काढलं, कुणाला अडवलं याची 48 तासांची नोंद बाकीच्या ॲडमिनना दिसते, त्यामुळे ॲडमिनवरही नजर राहते. कुणाला फक्त मेसेज काढायचा अधिकार, कुणाला फक्त नवे सदस्य घ्यायचा, असे तुकडे करता येतात. विषयवार कप्पे आहेत. मतदान गुप्त ठेवता येतं. व्हॉट्सॲपच्या मतदानात नावं दिसतात, आणि "या आडतदाराशी व्यवहार ठेवावा का" असल्या प्रश्नावर नावासकट मत कोण देईल?

मग सगळे तिकडे का नाहीत? कारण आपली माणसं तिथे नाहीत. ॲप घेतलं तरी रोज उघडलं जात नाही, आणि पाऊस येणार असल्याचा इशारा दुसऱ्या दिवशी वाचला तर काय उपयोग. टेलिग्रामचे ग्रुप शेवटपर्यंत कूटबद्ध (मधल्या कुणालाही वाचता न येणारे) नसतात, व्हॉट्सॲपचे असतात. बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, जोडायची सोय मोहक आहे, पण न तपासता ॲडमिनचे अधिकार दिलेला बॉट ग्रुपची वाट लावू शकतो. त्याला फक्त मेसेज काढायचा अधिकार द्यावा, माणसं जोडायचा नाही.

माझी शिफारस अशी: तीनशेच्या आतला, एक-दोन तालुक्यांचा ग्रुप व्हॉट्सॲपवरच ठेवा आणि वरचे नियम पाळा. निर्यातदार, संशोधक, प्रक्रिया उद्योगवाले असे लांबलांबचे लोक असतील, आणि चर्चा महिनोन्‌महिने शोधायची असेल, तर टेलिग्राम. दोन्हीकडे तोच ग्रुप चालवू नये. एकीकडे मिटलेला वाद दुसरीकडे स्क्रीनशॉट होऊन पुन्हा पेटतो.

शेवटी ॲडमिनबद्दल. चार असावेत, वेगवेगळ्या पट्ट्यांतले, आणि त्यांत औषध दुकानदार नसावा. त्यांचा एक छोटा वेगळा ग्रुप असावा. कुणाला काढायचं असेल तर तिथे दोघांचा होकार मिळाल्याशिवाय काढू नये. व्हॉट्सॲपमध्ये सगळ्या ॲडमिनचे अधिकार सारखेच असतात आणि एक ॲडमिन दुसऱ्याचं पद काढून घेऊ शकतो. अपवाद फक्त ज्याने ग्रुप तयार केला त्याचा, तो ग्रुपमध्ये असेपर्यंत. म्हणून ग्रुप तयार करणाऱ्याचा नंबर कायमचा वापरातला असावा, मुंबईला जाणाऱ्या पोराच्या जुन्या सिमवर ग्रुप बनवू नये. एकुलता एक ॲडमिन बाहेर पडला तर ॲप स्वतःच कुणातरी सदस्याला ॲडमिन करतं, आणि तो कोण असेल हे आपल्या हातात राहत नाही. टेलिग्राममध्ये मालकी दुसऱ्याच्या नावे करता येते, पण त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी निदान सात दिवस आधीपासून चालू असावी लागते. ती आजच चालू करून ठेवावी, आणि पासवर्ड दुसऱ्या एका ॲडमिनच्या घरी वहीत लिहून द्यावा.